आबांचं पूजेचं मशीन

अक्का असती, तर आज तिने आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

का, ते शेवटी सांगते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. उज्वलाअक्का. माझी मोठी बहीण. धुळ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासची मालकीण, मॅडम, मेकॅनिक, सगळं काही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. हायवेजवळचा आमचा गाळा आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला क्लाससाठी दिला होता. दिला म्हणजे काय, मनावर दगड ठेवून दिला. शेजारच्या टायरवाल्याचा त्या गाळ्यावर डोळा होता, आणि आबांचंही मन तिकडेच ओढत होतं.

उन्हाळ्यात क्लास ओस पडायचा. धुळ्याच्या उन्हात टायपिंग शिकायला कोण येणार?

अक्का म्हणाली, "आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांची पोरं घरात धिंगाणा घालतात. त्यांना गेम खेळायला बोलवू."

आबा म्हणाले, "आखाजीलोंग वाट दखसू. नही जमनं ते गाळा टायरवालाले."

झालं, आखाजीपर्यंतची मुदत मिळाली. अक्काने मुंबईहून नवी ग्राफिक्स कार्डं मागवली, क्लासच्या मशीन्समध्ये स्वतः स्क्रू पिळून बसवली आणि कार रेसिंगचा गेम लावला.

चित्र झकास! पण गाडी अडखळायची. वळण आलं की जागच्या जागी थांबायची, मग एकदम भिंतीत.

पोरं वैतागून उठून गेली.

मी म्हटलं, "कार्डंच बोगस आहेत."

आबांचं निदान तयारच होतं. "पोरगीना हातमा पेचकस दिधा, मंग काय व्हई?"

अक्का भयंकर चिडली. पण चिडली की तिचं डोकं जास्त चालायचं.

तिने गेमचं रिझोल्यूशन पार खाली आणलं. चित्र खडबडीत झालं. गाडी मात्र पहिल्यासारखीच अडखळत राहिली.

"बघ," ती मला म्हणाली, "चित्र काढायचं कार्डाचं काम एवढं कमी केलं, तरी फरक नाही. म्हणजे कार्ड बिचारं रिकामं बसलंय. बाकीचा हिशेब करणारा प्रोसेसर कमी पडतोय. आधी अडतंय कुठे ते शोधायचं, मग शिव्या द्यायच्या."

आता तगडा प्रोसेसर आणायचा कुठून?

आमच्याकडे एक होता. काउंटरवर. आबांच्या मशीनमध्ये.

ते मशीन म्हणजे आबांचा मान. दसऱ्याला पूजा झालेली, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वरून आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. सगळ्यात नवं, सगळ्यात वेगवान. आणि काम काय? फीच्या पावत्या छापणे!

अक्काने पेचकस उचलला. आबा आडवे आले.

"त्यानी पूजा करेल शे. हात लावू नको."

"आबा, एक डाव दखा ते खरं. नही चालनं, ते मी सोता टायरवालाले चावी देसू."

आबा बाजूला झाले.

तिने आधी त्या मशीनवर कार्डाशिवाय गेम लावून दाखवला. तिथेही रडगाणं. मग कॅबिनेट उघडून कार्ड बसवलं.

आणि गाडी सुटली! काय सुटली म्हणता!

"एकट्याने कुणाचंच भागत नाही, आबा," अक्का म्हणाली. "पण आपला दमाचा गडी आपण कव्हराखाली झाकून ठेवला होता."

आबा खुर्ची ओढून खेळायला बसले. पहिल्याच वळणावर भिंतीत. पण या वेळी न अडखळता, थेट!

त्या दुपारी पूजेचं मशीन काउंटरवरून उठलं आणि पोरांच्या मशीन्सच्या रांगेत गेलं. पावत्या आबा हाताने लिहू लागले. आखाजीला त्या एका मशीनवर डाव मिळावा म्हणून एवढी पोरं जमली, की गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एरंडोलहून माहेरी आलेल्या एका ताईंची पोरं तर परत जायला तयार नव्हती. टायरवाल्याने दुसरीकडे गाळा बघितला.

हा क्लास तेव्हा वाचला, तो आजपर्यंत चालू आहे.

आता फैलावर का घेतलं असतं, ते सांगते.

क्लासमधलं सगळ्यात चांगलं मशीन अक्काचं. ती गेल्यापासून आम्ही ते झाकून ठेवलं. शेजारी तिचा फोटो. रोज हार, उदबत्ती. मुलं मात्र जुन्या मशीन्सवर ताटकळत बसायची. कुणाची हात लावायची हिंमत नव्हती, माझी तर नाहीच.

आज सकाळी आबा काठी टेकत क्लासमध्ये आले. फोटोला हात जोडले. त्या मशीनपाशी गेले.

मग म्हणाले, "आते काढ ते कव्हर."

मी काढलं. रडत काढलं, पण काढलं.

नरडाण्याहून येणारी एक मुलगी आज तिथे बसली आहे. हे लिहितेय तेव्हा मागून तिच्या कीबोर्डचा आवाज येतोय.

अक्का गेल्यापासून 'गाळा भाड्याने द्या' म्हणणाऱ्यांना एकच उत्तर. उद्या सकाळी शटर उघडणार. परवाही.

अक्का, तुझी जागा रिकामी नाही गं. तिथे काम चालू आहे.

तुला आम्हा सगळ्यांचा, आणि आबांचाही, नमस्कार.