ऑकलंडहून लावणीला

सहा वर्षांपूर्वी ऑकलंडला निघाले त्या दिवशी अख्खा पाडा डोळखांबच्या स्टँडवर आला होता. आई माझ्या बॅगेची चेन तिसऱ्यांदा ओढून बघत होती, आणि किसनकाका, माझ्या मेलेल्या बापाचा धाकटा भाऊ, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता ही कसली येते गो लावणीला! ही पोचंस्तवर भात कापून झाला असंल." सगळे हसले. मीही हसले, पण आतून जाम भडकले होते.

तसा काका अगदीच चुकला नव्हता. मुंबई ते ऑकलंड बारा हजार किलोमीटरच्या वर. सरळ विमान नाही. सिंगापूरला उतरायचं, खुर्चीत पेंगत चार तास काढायचे, पुन्हा बसायचं. हवेतलेच सोळा तास धरा. सहा वर्षं मी इथे म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नर्स आहे, आणि सहा वर्षं भाताची लावणी आईनं एकटीनं निभावली. भाऊ मला नाही.

जे माझ्यासारखे पाड्यात वाढले त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या पाड्यात लावणीला मजूर नसतात. घरटी एक माणूस, आज तुझ्या भातखाचरात, उद्या माझ्या. ज्या घरचं माणूस येत नाही, त्या घरी कोणी जात नाही. पैसे चालत नाहीत.

यंदा आईचे गुडघे गेले. फोनवर म्हणाली, "काका म्हणतो, औंदा तुमचा खाचर मीच लावतो. मग राहू दे माझ्याकंच." मला कळायचं ते कळलं. एकदा खाचर त्याच्या हाती गेलं की आई स्वतःच्याच बांधावर पाहुणी झाली असती.

रजा नव्हती. माझ्याबरोबरची फिलिपिनो नर्स म्हणाली, तुझ्या नाइट मी करते, ख्रिसमसला माझ्या तू कर. आपल्याच मराठी मंडळींनी मात्र मला वेड्यात काढलं. "अगं, चिखलात पाय घालायला एवढ्या लांब?" हो, चिखलातच! तुम्ही जा खुशाल बालीला.

बारा हजार किलोमीटर एका दिवसात उरकले आणि शहापूरला डोळखांबची जीप भरेस्तोवर दीड तास बसले. "अजून दोन शिटा पायजेत, ताई," ड्रायव्हर म्हणे. जेट लॅगनं डोळे मिटत होते, तरी हसू आलं.

पहिल्या दिवशी मुद्दाम काकाच्याच खाचरात उतरले. "आमच्या घरचं माणूस आलंय," एवढंच म्हटलं. कंबरेचं पार भुसकट पडलं. रोपांची मूठ हातातून सुटायची, पोरी फिदीफिदी हसायच्या, "ताई, तुजी रांग कुठं चालली?" हसा बायांनो. चार दिवस, चार घरं.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्या बांधावर चार माणसं उभी होती. त्यांत पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला काका. आईनं त्याला आधी चहा दिला. दुपारपर्यंत खाचर लावून झालं.

पाय धुताना काकानं विचारलं, "आनी पुढल्या साली गो?"

"पुढल्या सालीही मीच. रोपांसाठी राब कधी पेरताय ते कळवा, तिकीट काढायचंय."

लोक विचारतात, आता घर कुठलं मानतेस? मी नाही आले तर जिथं एक माणूस कमी पडतं, ते माझं घर. तिथं पोचायला किती तास लागतात, ते माझं मी बघेन.