मामांचा वितळलेला दगड

जमिनीवर माझ्या थोरल्या मामांइतका अविश्वास असलेला शेतकरी उभ्या आळंद तालुक्यात सापडायचा नाही. बारा वर्षं झारखंडाकडच्या कोळसाखाणीत काढून ते खजुरीला परतले, तेव्हापासून कुठंही टेकण्याआधी भुईला तळवा लावून बघायचे. सोयरीक जमवायला गेले तरी घराची तारीफ एकच, "जागा थंड हाय." एका लग्नात तर त्यांनी भरली पंगत उठवली. "अण्णा, उठा! खाली पेटलंय!" व्याही मुठीतल्या बुंदीसकट मांडवाबाहेर पळाले. उकरून बघितलं, तर आचाऱ्यानं आदल्या दिवशी निखाऱ्यांसकट बुजवलेली चूल निघाली. मामा शांतपणे म्हणाले, "पेटलं व्हतं का न्हाई?"

खाणीवरून त्यांनी आणलं काय, तर एक दगड. एका अंगानं विटेसारखा लाल, दुसऱ्या अंगानं काळा, चकचकीत, करपलेल्या पाकासारखा बुडबुड्यांचा. जमिनीखालचा कोळसा आपोआप पेटतो, वर्षानुवर्षं जळतो आणि वरचा खडक वितळवतो, असं मामा येईल त्याला समजावत. पण आमच्याकडची निम्मी माणसं वीटभट्टीवर राबून आलेली. ती म्हणत, "ह्यो तर खंगर." भट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटा म्हणजे खंगर. मामींनाही तेच वाटे. नवरा कुठल्याशा भट्टीवर होता आणि आपल्याला खाणीच्या गोष्टी सांगत राहिला, हा सल त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी त्या दगडाची न्हाणीत वजरी केली आणि टाचा घासू लागल्या. गाव हसलं तर मामांना चालायचं. मामींनी खोटं ठरवलेलं मात्र जिव्हारी लागायचं.

शेवटी मला सोबत घेऊन त्यांनी मामींना तिकडं नेलं. वस्ती केव्हाच उठवली होती. भेगांतून धूर येत होता, कडेला तसलेच लाल-काळे दगड पडले होते. एका खचलेल्या खोलीकडं बोट दाखवून मामा म्हणाले, "हितं ऱ्हात व्हतो."

मामींना चपलेतून चटका बसला. त्या मागं सरल्या आणि एकदम कडाडल्या, "आन् मला पत्रात काय लिवत व्हतात? हिकडली हवा लई चांगली हाय म्हणून?"

मामा हसायला गेले, पण जमलं नाही. "तुला घोर नको म्हणून," एवढंच म्हणाले. मला त्या दोघांकडं बघवेना.

परतीच्या गाडीत मामी त्यांना खेटून बसल्या. "आता सगळी पत्रं पुन्यांदा सांगा. खरी खरी."

मामा सोलापूर येईस्तोवर सांगत होते, आणि मामी एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.