जारच्या पाण्यातला शिंपला

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळ, केडगाव. हजर: मी, नवरा, सासूबाई; फिशटँकमध्ये पाच गोल्डफिश आणि एक शिंपला. दुपारी आम्हा तिघांना भाचीच्या लग्नासाठी पाथर्डीला निघायचं होतं, मुक्कामानं.

घर बंद करण्याआधी काय काय बघायचं ते मी कागदावर लिहून घेते. गॅस, गीझर, मोटर झाली. माशांपाशी आले आणि थांबले. शिंपला वाळूवर आडवा पडला होता, दोन्ही झडपा किंचित उघड्या. एरवी तो अर्धा वाळूत रुतलेला असतो आणि फटीतून पाणी ओढणाऱ्या दोन बारीक नळ्या दिसतात. आज नळ्या नव्हत्या.

"आ वासलाय. भूक लागली असंल," सासूबाई म्हणाल्या.

"भूक नाही आई, आजारी आहे तो."

चमच्याच्या दांड्यानं हलकेच टोचलं. धडधाकट शिंपला खटकन मिटतो. हा मिटला, पण सावकाश, कंटाळल्यासारखा. आम्ही नसताना मेला असता तर पाणी नासून मासेही गेले असते. मासे नवऱ्याचे, जीव की प्राण. त्याचा चेहराच उतरला.

"फेकू नकोस. आधी वास घे," तो म्हणाला.

घेतला. ओल्या मातीचा वास, सडका नाही. मग नीट बघितलं तर झडपांच्या जोडापाशी काळपट साल निघून खडूसारखे पांढरे चट्टे पडले होते. कवच झिजत होतं.

"अहो, पाणी कुठलं घालता?"

"जारचं. बोअरचं कसं घालणार? आपल्या नळांवर बघ किती थर चढतो."

तो थर म्हणजे चुना, आणि शिंपल्याचं कवच चुन्याचंच. जारच्या फिल्टर केलेल्या पाण्यात चुना जवळजवळ नसतोच. सांगितलं तसा नवरा बाथरूममधला टब रिकामा करायला धावला.

सासूबाईंना मात्र हसू आवरेना. "माझ्या चहाला बोअरचं अन् ह्याला जारचं! लई लाड हाय बाबा."

मासे टँकमध्येच ठेवले. शिंपला टबात काढला, वाळू आणि टँकमधल्या पाण्यासकट. हवेची छोटी मोटर लावली आणि जीप येईपर्यंत मगानं थोडं थोडं बोअरचं पाणी मिसळत राहिले. एकदम बदललेलं त्याला सोसत नाही.

लग्नात नवऱ्याचं जिलबीकडेही लक्ष नव्हतं. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "घरी पेशंट ठिवून आलोय."

परत आल्यावर चपला न काढताच तो बाथरूममध्ये गेला. शिंपला वाळूत रुतला होता, नळ्या बाहेर. बोट लावलं.

"मिटला! आई, खटकन मिटला!"

टँकमध्ये अजून जारचंच पाणी आहे. दर रविवारी थोडं बदलायचं आणि मग शिंपला परत सोडायचा, असं ठरलं. पहिला रविवार पाहुण्यांत गेला, दुसरा क्रिकेटमध्ये. टब बाथरूममध्येच आहे आणि आम्ही तिघं त्याला वळसा घालून अंघोळ करतो.