नसेच्या काठावरचं रक्त

शमशुद्दीन पटवेगार कोल्हापुरात गुजरीच्या सराफी बोळात दागिने गाठवायचा. सोनारानं घडवलेली मणी-पानं रेशमी दोऱ्यात ओवून साज तयार करणं हे त्याचं पिढीजात काम. हात मात्र वैशाखातही गारढोण. गिऱ्हाईक बाया म्हणायच्या, "मामू, पाण्यात हात घालून बसलायसा काय?" तो नुसता हसायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात साजातलं एक पान हरवलं. सतरंजी झटकून झाली, तसा तो बायकोवर, शहाजादीवर ओरडला, "झाडताना तूच घालवलंस!" तिनं त्याच्या पुढ्यातल्या ताटलीच्या डाव्या कडेचं पान उचललं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. ते समोरच होतं. त्याला दिसलं नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले. "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब तसा बरोबर आहे, पण डोळ्यामागच्या नसेच्या काठावर रक्ताची बारीक रेघ दिसतेय." मग त्यांनी त्याचा हात धरून पाहिला. "नेहमी एवढे गार? उठताना अंधारी येते?"

"येती की. ल्हानपणापास्नं."

"शरीरातल्या काही नसा आपल्याला न विचारता काम करतात. काळीज चालवतात, रक्तवाहिन्या आवळतात, सैल सोडतात. तुमच्या फार आवळत असाव्यात, म्हणून डोळ्याला रक्त पुरत नसेल. पण खात्रीनं सांगता येणार नाही."

"गेलेलं दिसंल?"

"नाही. राहिलंय ते राखायचं. रोज थेंब घाला."

आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं शमशुद्दीनच्या मनात आलं. भीती, निदान रडू. काहीच आलं नाही. एसटीच्या खिडकीतून तो उसाचे फड बघत राहिला.

थेंबांनी कपाळ ठणकायचं. तरी नजर अरुंद होतच गेली. तीन वर्षांनी चन्नाप्पा सराफ एक साज परत घेऊन आले. "मामू, पान उलटं बसलंया." शमशुद्दीननं तो साज शहाजादीपुढं सरकवला. "तू गाठव."

घराण्यात बाईनं हे काम कधी केलं नव्हतं. तिची प्रत्येक गाठ तो बोटांनी चाचपायचा आणि चुकली की सोडायला लावायचा. असं वर्षभर चाललं. एकदा ती रडली. "तुमास्नी कायच वाटत न्हाय व्हय?"

त्यानं मनात चाचपून पाहिलं. "न्हाय गं. खरंच न्हाय. सोड ती गाठ."

पुढं साज गाठवायला गुजरीत लोक शहाजादीचंच घर विचारत यायला लागले. तो तिच्या शेजारी बसून रेशमाला पीळ घालायचा.