रविवारचा दवाखाना

जयमाला ओव्हाळ सरकारी कचेरीत गेली की आधी शिपायाशी बोलते, मग कारकुनाशी, आणि साहेबांकडे सगळ्यात शेवटी जाते. फाइल कुठे आहे हे साहेबांना माहीत नसतं, कारकुनाला असतं. ती आज हलणार की नाही हे शिपायाला ठाऊक असतं. एका जागतिक आरोग्य संस्थेत शासनाशी संपर्क आणि धोरणाची बाजू सांभाळताना सव्वीस वर्षांत ती हे शिकली. तिचं पद कार्डावर दीड ओळ व्यापतं. थेरगावच्या सोसायटीत कोणी विचारलं तर ती टीबीच्या कामात आहे एवढंच सांगते. त्यावरून वॉचमनने एकदा तिला थांबवून आपला खोकला ऐकवला होता.

या कामाची एक रीत आहे. सरकारने जो आदेश काढावा असं संस्थेला वाटतं, त्याचा मसुदा संस्थेनेच लिहायचा, सरकारी मराठीत, साध्या कागदावर. वर संस्थेचं नाव नाही, खाली सही नाही. कक्ष अधिकारी त्यातले चार शब्द बदलतो आणि मसुदा त्याचा होतो. आदेश निघाला की श्रेय खात्याचं. जयमालाने असे अकरा आदेश लिहिलेत. त्यांपैकी एकावरही तिचं नाव नाही, आणि तसं असणं हेच काम नीट झाल्याचं लक्षण मानलं जातं.

बारावा आदेश चाकणचा होता. तिथल्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागलेल्या माणसाला टीबी झाला की सरकारी गोळ्या फुकट मिळतात, पण त्या घ्यायला आरोग्य केंद्रात जावं लागतं आणि केंद्र उघडं असतं तेव्हा हा मशीनवर असतो. एक खाडा ठेकेदार चालवून घेतो. दुसऱ्या खाड्याला तो तोंड फिरवून बोलतो. तिसऱ्याला गेटवर दुसरा माणूस उभा असतो. मग दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस गोळ्या सोडतो, आणि चार-सहा महिन्यांनी तोच आजार जास्त हट्टी होऊन परत येतो. संस्थेची मागणी साधी होती: कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केंद्रात टीबीचा दवाखाना चालवावा. या एका वाक्यासाठी जयमालाने दोन वर्षं आणि तीन सचिव घालवले. तिसऱ्यांनी मान्यता दिली ती औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या एकाच केंद्रासाठी, तीन महिन्यांच्या बोलीवर. दर खेपेला सरासरी वीस रुग्ण आले तर आणखी सहा केंद्रं. नाही आले तर विषय बंद. खात्यात बंद झालेला विषय दहा वर्षं तरी कोणी उघडत नाही.

आदेश निघाला तेव्हा जयमाला दिल्लीला होती. पहिल्या रविवारी चार रुग्ण आले. दुसऱ्या रविवारी दोन. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी तीन-तीन. लोकांना अजून कळलं नसेल, असं तिने अहवालात लिहिलं आणि हजार पत्रकं छापून घेतली. पाचव्या रविवारी ती स्वतः निघाली. सकाळी साडेसहाला चाकणच्या तळेगाव चौकात कंपन्यांच्या बसगाड्यांमागे तिची गाडी पाऊण तास अडकली. रविवारी सुद्धा ही गर्दी, असं ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि त्यावर आणखी विचार न करता तिने फोनवरचे मेल वाचायला घेतले.

केंद्रात टीबीचं काम बघणारी आरोग्यसेविका हर्षाली रिकाम्या बाकांसमोर बसून गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिशीची मुलगी, चाकणजवळच्याच गावातली, नवरा एका सुट्या भागांच्या कारखान्यात. अकरा वाजले तरी कोणी फिरकलं नव्हतं. जयमालाने पत्रकं कुठे-कुठे वाटली ते विचारलं. हर्षालीने सगळं सांगितलं: गेटवर, खोल्यांच्या चाळींत, खानावळीत. लोक पत्रक वाचतात, खिशात ठेवतात, आणि येत नाहीत.

"का येत नाहीत?"

हर्षाली थोडी घुटमळली. "ताई, आज कामावर आहेत ना सगळे. आपल्याकडं सुट्टी गुरुवारची."

जयमाला बाकावर बसली. मग तिने विचारलं की हे पाच आठवडे कुणी सांगितलं कसं नाही.

"आदेश वरून आला होता," हर्षाली म्हणाली. "आमच्या डॉक्टरांना पण वाटलं, वरच्यांनी काहीतरी विचार करूनच रविवार धरला असेल. गुरुवारी बाकीची ओपीडी असते, म्हणून असेल. आपण कशाला फाटे फोडायचे."

खालच्या प्रत्येकाला वार माहीत होता. वरच्यांना काहीतरी वेगळं दिसत असणार म्हणून ते गप्प राहिले. वरच्या प्रत्येकाची सुट्टी रविवारी असते, त्यामुळे त्यांना काही खटकलंच नाही. दोन्हीकडची माहिती असलेली एकच व्यक्ती या साखळीत होती, आणि ती बाकावर हजार पत्रकांतली उरलेला गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती.

चूक कशी झाली ते तिला तारखेसह आठवत होतं. तिच्या मसुद्यात 'साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी' एवढंच होतं. कक्ष अधिकारी सोपानराव शेलार यांनी फोन केला, की कर्मचाऱ्यांना बदली रजा द्यायची तर वार नेमका लिहायला हवा. ती विमानतळावर रांगेत होती. तिने अंगठ्याने 'रविवारी' असं टाइप करून पाठवलं. विचार करायला लागला नाही, म्हणून केला नाही.

परतताना ती काळेवाडीला वडिलांकडे गेली. खंडू ओव्हाळ एकोणऐंशी वर्षांचे आहेत. पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर एकतीस वर्षं काढली. आता धाकट्या मुलाकडे असतात, कान कमी झालेत. तिने जेवता-जेवता सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने घास थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"गुरुवारी मटण कोण आणायचं घरात?"

"तुम्ही."

"मग?"

मग काही नाही. जयमालाच्या लहानपणी त्या घरात दर गुरुवारी वडील घरी असत आणि ती शाळेत. रविवारी ती घरी असे आणि वडील कामावर. रविवारी सकाळी विहारात वंदनेला आई मुलांना घेऊन जायची. वडील कधीच नसायचे, आणि लोकही विचारत नसत, कारण अर्ध्या वस्तीतले पुरुष त्या वेळी कारखान्यात असत. वारांचं हे गणित तिच्या अंगात भिनलेलं असायला हवं होतं. पण वीसेक वर्षं मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांशी जुळवून घेताना तिचा रविवार त्यांच्यासारखा झाला होता. खंडूंनी सुनेला भाकरी वाढायला सांगितलं आणि पुढे एवढंच म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं असंच होतं. कुणाला सांगू नकोस, हसतील."

सांगावं तर लागणारच होतं. मंगळवारी ती सोपानरावांसमोर बसली. सोपानराव निवृत्तीला आठ महिने राहिलेले, सरळ गृहस्थ. पेन्शनचे कागद त्यांनी वेगळ्या पिशवीत जमवायला घेतले होते. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला, चहा मागवला. शुद्धिपत्रक आठवड्यात निघेल, त्यात अडचण नाही, असं त्यांनी सांगितलं. अडचण दुसरी होती.

"शुद्धिपत्रकाला कारण लागतं, मॅडम. कारण म्हणजे चूक. चूक म्हणजे माणूस. टिपणीवर सही माझी आहे. हे साहेबांपुढे गेलं की पहिला प्रश्न येणार, शेलार, हा वार तुम्ही कुठून आणलात?"

"माझ्याकडून आणलात."

"ते मला माहीत आहे आणि तुम्हाला. फाइलला कुठं माहीत आहे?"

दुसरा रस्ता होता. केंद्राच्या डॉक्टरांनी स्थानिक परिस्थिती म्हणून प्रस्ताव पाठवायचा. तो तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून इथे येईल. त्यात कोणाचीच चूक दिसत नाही. वेळ किमान चार महिने. तीन महिन्यांनंतरच्या आढाव्याला सात आठवडे उरले होते. सोपानरावांनी कपाची बशी बाजूला सारली. संस्थेने आपल्या कागदावर लिहून द्यावं, की आम्ही पुरवलेल्या माहितीत वार चुकला होता. मग ते उद्याच फाइल वर पाठवतील. पण एक त्यांनी आपणहून सांगितलं, आणि ते सांगायची त्यांना गरज नव्हती: ते पत्र कायम फाइलला राहील. यापुढे संस्थेचा कुठलाही प्रस्ताव आला, की कुणीतरी ते पान काढेल.

संध्याकाळी जयमालाने दिल्लीला मिनलला फोन केला. मिनल संस्थेची देशातली प्रमुख, जयमालाहून बारा वर्षांनी लहान, हुशार, आणि तितकीच थकलेली, कारण तिला परदेशातल्या मुख्य कचेरीला दर तीन महिन्यांनी यश दाखवावं लागतं. चाकणचा आदेश तिने वार्षिक अहवालात आधीच घातला होता. पत्र द्यायचं तर मुख्य कचेरीच्या कायदा विभागाची परवानगी लागेल, त्याला महिना जाईल, असं ती म्हणाली. त्यापेक्षा आढाव्यापर्यंत थांबू. रुग्ण कमी आले तर मागणी कमी होती असं लिहिता येतं. प्रयोग फसला असं कोणी म्हणणार नाही. राज्याच्या सल्लागार समितीवरची आपली जागा तरी शाबूत राहील.

"मागणी कमी नाहीये, मिनल. वार चुकलाय."

"मला समजतंय, जयमाला. पण तू लिहून देऊ नकोस. हे मी ऑफिशियली सांगतेय."

रात्रभर विचार वगैरे तिने केला नाही. ती दमलेली होती, झोपली. बुधवारी हर्षालीने गोळ्या सोडलेल्यांची यादी पाठवली. सतरा नावं होती. त्यांतलं एक बाळू कड, वय एकोणचाळीस, चाकणजवळच्या गावचा; वडिलार्जित जमीन वसाहतीत गेली आणि तो त्याच वसाहतीत ठेकेदाराकडे प्रेसवर लागला. पहिल्या रविवारी आलेल्या चौघांतला तो एक. त्या दिवशी खाडा करून आला, सोमवारी त्याला गेटवरून परत पाठवलं. आठवड्याने दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळालं, आणि मग तो दवाखान्याकडे आला नाही. दवाखान्याच्या आदेशाने ज्याचा खाडा वाचायचा, त्याचाच खाडा त्या आदेशाने घडवला होता.

जयमालाने संस्थेच्या कागदावर पाच ओळी लिहिल्या. माहिती चुकीची होती, ती आमची होती, चाकण औद्योगिक क्षेत्रात साप्ताहिक सुट्टी बहुतांशी गुरुवारी असते, त्यानुसार दुरुस्ती व्हावी. खाली सही केली आणि प्रथमच आपलं पूर्ण नाव लिहिलं. पत्र सोपानरावांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आवक क्रमांक टाकायला कारकुनाकडे दिलं.

शुद्धिपत्रक नवव्या दिवशी निघालं. संस्थेची नोटीस सहाव्या दिवशीच आली होती: परवानगीशिवाय पत्र का दिलं याचा खुलासा सात दिवसांत करावा. तिने खुलासा केला, मसुद्यापेक्षा तो लिहायला सोपा गेला. समितीच्या पुढच्या बैठकीचं निमंत्रण संस्थेला आलं नाही. पंधरवड्याने मिनलने फोन करून सांगितलं, की शासनाशी संपर्काचं काम आता दुसरं कोणीतरी बघेल. जयमालाने माहितीसंकलन सांभाळावं, पगार तोच. मिनलचा आवाज उतरलेला होता. जयमालाने तिला बरं म्हटलं आणि तब्येतीला जप असंही म्हटलं.

तिसऱ्या गुरुवारी ती चाकणला गेली, कुठल्याही कामाशिवाय. चौकात बसगाड्या नव्हत्या, वीस मिनिटांत पोचली. केंद्राच्या पडवीत एकतीस माणसं होती, दोन मुलंही होती बापांबरोबर आलेली. हर्षालीला मान वर करायला फुरसत नव्हती. तिने हातानेच बसा म्हटलं. जयमाला बाकाच्या टोकाला बसली. आढाव्यापर्यंतचे गुरुवार धरूनही सरासरी वीसला पोचेल की नाही, याचा हिशेब तिने मनात दोनदा केला. रविवारचे आकडे त्यात धरले तर नाही पोचत. धरायचे की नाही हे आता दुसरंच कोणीतरी ठरवणार होतं.

आत हर्षालीने एकाला काट्यावर उभं केलं होतं आणि वजन मोठ्याने सांगितलं: बेचाळीस. नाव विचारलं नाही, ओळखीचा होता. बाळूच तो. थुंकी पुन्हा तपासावी लागेल, औषध पुन्हा पहिल्यापासून, सहा महिने, आणि मधे सोडायचं नाही, असं तिने दरडावलं.

"सोडतोय कशाला आता," तो म्हणाला. "गुरवारी मोकळाच हाय मी."

तपासणीची डबी घेऊन तो बाहेर आला. उन्हात उभं राहवेना म्हणून त्याने बाकाकडे पाहिलं. बाक भरला होता. टोकाला बसलेल्या, पर्स मांडीवर घेतलेल्या बाईला त्याने विचारलं, "ताई, तुमचा नंबर कितवा?"

"माझा नंबर नाही."

"मग जरा सरकता का?"

जयमाला उठली. तो बसला, आणि खोकला येईल म्हणून तोंड दुसरीकडे फिरवलं.