चावीवाल्याच्या घरातलं फेरपाणी

चावीवाल्याच्या खांद्यावरची चावी कधीच गेली होती, नाव मात्र राहिलं होतं. माणसाचं असंच असतं, धंदा सुटतो आणि नाव गोचिडीसारखं चिकटून बसतं. तरुणपणी तो पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी आत घालून आळीला पाणी सोडायचा. तेव्हा त्याचा थाट काय विचारता! एका लग्नघरच्या यजमानानं तर चारचौघांत सांगितलं होतं, "नवरदेव उशिरा आला तरी चालेल, चावीवाला वेळेवर आला पाहिजे."

पुढं धरण आटत चाललं. शहर वाढलं, पाऊस काही वाढला नाही. शेवटी गावाबाहेर मोठं शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. शहराचं सगळं सांडपाणी एका बाजूनं आत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं पिण्याजोगं होऊन बाहेर पडायचं. लोकांनी त्याला नाव ठेवलं फेरपाणी. चावीवाल्याची जीभ चांगली चालते हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून बघायला येणाऱ्या लोकांना केंद्र दाखवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं.

आणि तिथून त्याच्या डोक्याची मंडई झाली.

तो जीव तोडून सांगायचा. या हौदात गाळ खाली बसतो बघा. या हौदात बारीक जंतू सोडलेत, ते घाण खातात, म्हणजे आपण जेवतो तसे जेवतात, फक्त त्यांच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत. इथं पाणी इतक्या बारीक पडद्यातून जातं की मीठसुद्धा मागं राहतं. इथं दिव्याखालून जातं, उरलासुरला जंतू असेल तर तो मरतो. मग थोडे क्षार परत घालायचे, नाहीतर पाणी चवीला मुकं लागतं. लोक माना डोलवायचे, "वा, वा" करायचे. शेवटी टेबलावर भरलेले पेले दिसले की मात्र एकेकाला काय काय आठवायचं! एका मास्तरांना डॉक्टरांनी पाणी कमी प्यायला सांगितलेलं असायचं. एका गाणाऱ्या बाईंचा गळा नेमका त्याच दिवशी नाजूक असायचा. एक गृहस्थ तर म्हणाले, "घरून पिऊन आलोय." जसं काही कुणी जेवायलाच बोलावलं होतं.

मग चावीवाला स्वतः पेला उचलायचा आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायचा. प्रत्येक टोळीसमोर एकेक. त्यामुळं दिवसभर त्याची आडोशाला पळापळ चालायची, आणि फाटकावरचा रखवालदार ओरडायचा, "काय हो, कच्चा माल पण तुम्हीच पुरवता वाटतं!"

हे एक वेळ सोसलं असतं. पण त्याच्या वस्तीतला सलूनवाला काही सोसवत नव्हता. टेकडीवरच्या त्या वस्तीत नळाला पाणी चढत नव्हतं, टँकर यायचा, तोही मनात येईल तेव्हा. केंद्रापासूनची पाइपलाइन टेकडीच्या पायथ्याशी येऊन थांबली होती. वस्तीनं हो म्हटलं की वर चढणार. वस्ती हो म्हणत नव्हती. सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता मोठ्यानं म्हणायचा, "चावीवाले पितात हो, पण त्यांना पिण्याचा पगार आहे. बिनपगारी पिणारा एक दाखवा!"

"अरे बाबा," चावीवाला दारातून करवादायचा, "वरच्या गावांचं सांडपाणी नदीत येतं, तेच आपण आजवर प्यालो. तेव्हा कुणी पेला हुंगला नाही."

"नदीनं आणलं तर ते नदीचं," सलूनवाला म्हणायचा. "तुमच्या पाइपानं आणलं तर ते तुमचं. हनुवटी वर करा, साहेब."

गालावर फेस घेऊन बसलेल्या माणसाला मान हलवता येत नाही, म्हणून त्या दुकानात सलूनवाल्याला विरोध असा कधी व्हायचाच नाही.

आता बिनपगारी पिणारा दाखवायचा तर घरातलाच कुणीतरी हवा. घरात होती बायको आणि होती आई. आईला वस्ती सुईणआजी म्हणायची. अर्धी वस्ती तिच्या हातावर जन्माला आलेली, सलूनवाला धरून. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि त्या रेघेनं घराचे दोन भाग पाडले होते. ओट्याच्या उजवीकडं आईचा माठ, त्यात टँकरचं पाणी. डावीकडं चावीवाल्याचा कॅन, केंद्रावरून सायकलला अडकवून आणलेला. आईचं फर्मान होतं की डावीकडचं पाणी उजवीकडं यायचं नाही.

"आई, अगं एकदा ऐकून तरी घे—"

"मी उभ्या जन्मात कितीतरी पोरांना पहिली आंघोळ घातली. तू मला पाणी शिकवतोस?"

"शिकवत नाही गं, सांगतोय."

"सांगायचं ते तुझ्या पाहुण्यांना सांग. त्यांनी तुला मार खाताना पाहिलेलं नाही, तू माझ्या हातचा खाल्लायस."

चावीवाल्यानं आपला कॅन आणखी जरा डावीकडं सरकवला.

पण टँकरचं पाणी होतं जड, विहिरीचं. त्यात घेवड्याचे दाणे शिजता शिजत नसत. आईच्या तोंडात दात थोडे उरलेले, आणि घेवडा तिचा जीव की प्राण. रोज पहिला घास घेतला की ती दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवायची आणि सुनेकडं बघायची. "गोट्या खेळायला दिल्यास का गं मला?" सून बिचारी पहाटे दाणे भिजत घालायची, दुपारपर्यंत शेगडीवर ठेवायची, गॅस जळायचा, सासूचं तोंड चालायचं, दाणा तसाच टणक.

आणि मग एके दिवशी घेवडा शिजला. असा शिजला की बोटांत धरला तर विरघळावा. आईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. चहालाही रंग चढला. चार दिवस गेले, आठ गेले, घरात शांतता नांदायला लागली. आई शेजारणींना सांगायची, "टँकरवाला बदललेला दिसतोय. चांगल्या घरचा आहे हो, पाणी गोड आणतो." टँकरवाला तोच होता, त्याच्या आयुष्यात कुणी त्याला चांगल्या घरचा म्हटलं नव्हतं. एकदा आईनं खाली उतरून त्याच्या पाठीवरून हात फिरवला तर तो घाबरून गाडीत चढला.

चावीवाला खूष. आपला कॅन हल्ली लवकर का संपतो, हा विचार त्याच्या डोक्यात जरा उशिरानंच आला. दुसऱ्यांच्या डोक्यात प्रकाश पाडायची सवय लागली की आपल्या डोक्यातला दिवा लावायचा राहतो. एका सकाळी चप्पल विसरली म्हणून परत आला तर बायको त्याच्या कॅनमधून आईच्या माठात पाणी ओतत होती.

"हे काय?"

"हळू बोला."

"हे काय?" तो हळू ओरडला.

"घेवडा," बायको म्हणाली. "तुमचे हौद, पडदे, दिवे ऐकून त्या हो म्हणाल्या नाहीत. घेवड्यानं एका दिवसात काम केलं. आता तोंड उघडलंत तर उद्यापासून शिजवायला तुम्ही बसा."

"अगं, पण मी जगाला सांगत हिंडतो की आधी सांगा, मग पाजा! आणि माझ्याच घरात चोरून?"

"जग तुमच्या घरात राहत नाही. सासूबाई राहतात."

बायकोचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. तो चप्पल घालून कामावर गेला आणि ज्या माणसासमोर बोलायचं नाही नेमकं त्याच्यासमोर बोलून बसला. साहेबांनी विचारलं, चेहरा का उतरलाय? यानं सांगून टाकलं. साहेब खुर्चीतून उठलेच.

"अहो, हे तर सोनं आहे! येत्या रविवारी तुमच्या वस्तीची सभा, पाइपलाइन वर चढवायची की नाही यावर. तुमच्या आई विरोधात बोलणार आहेत ना? बोलू द्या. मग तुम्ही उठा आणि सांगा, या सुईणआजी हेच पाणी पितायत, आणि गोड म्हणतायत. संपली सभा!"

"साहेब, ती माझी आई आहे."

"म्हणून तर सगळे ऐकतील."

त्या दिवशी त्याचं दाखवण्यात लक्ष लागेना. जंतूंच्या हौदापाशी दिव्याची माहिती दिली, दिव्यापाशी गाळाची. डोक्यात एकच चाललेलं. गप्प राहावं तर आई सभेत उठणार आणि ज्या पाण्यानं ती सुखानं जेवतेय त्यालाच नको म्हणणार, वस्ती तिच्या मागं जाणार, पाइपलाइन पायथ्याशीच गंजणार. सभेत सांगावं तर वस्तीला पाणी मिळेल, पण भरल्या सभेत आईचं हसं होईल. आधी घरी सांगावं तर पाणीही जाणार आणि आईही. तिन्ही वाटा धोंड्यावर. आणि हे सगळं कुणामुळं? घेवड्यामुळं! त्याला बायकोचा राग आला, साहेबांचा आला, आईचा आला, घेवड्याचा तर सर्वांत जास्त आला.

सभेच्या आदल्या दिवशी आई ओट्यापाशी शेंगा सोलत बसली होती. बायको समोर. तो दारातच उभा राहिला, कारण आत गेलं की पळायला जागा राहत नाही.

"आई, टँकरवाला बदललेला नाही."

"मग?"

"माठातलं पाणी बदललंय. ते फेरपाणी आहे."

बायकोनं डोळे मिटून घेतले. आईच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली. तिनं माठाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तू ओतलंस?"

"नाही. पण कळल्यावर गप्प बसलो."

"म्हणजे दोघांनी." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "मला वाटलं, म्हातारपणी जिभेची चव परत आली माझी. शेजारणींना त्या टँकरवाल्याचं कौतुक सांगत होते." पदर खोचून तिनं कोपऱ्यातला रिकामा तांब्या उचलला.

"आई, पाण्यात काही वाईट—"

"पाण्याचं मी विचारलंय का तुला? घरात खोटं शिजलं, ते मी खाल्लं, वर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाण्याचं काय सांगतोस!"

आणि ती तांब्या घेऊन शेजारणीकडं टँकरचं पाणी मागायला निघून गेली. बायको शेंगांच्या टोपलीकडं बघत म्हणाली, "झालं समाधान?"

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. बाकं लहान मुलांची, त्यामुळं अख्खी वस्ती गुडघे हनुवटीला लावून बसलेली. सलूनवाला बोलायला उठला आणि आज गिऱ्हाईक हलतंय म्हणून थांबायची गरज नव्हती, त्यामुळं थांबलाच नाही. आपली पोरंबाळं, आपले पूर्वज, आपली इज्जत, सगळं त्यानं त्या पाइपात कोंबलं. शेवटी म्हणाला, "आणि आता सुईणआजी बोलतील!"

साहेब मागच्या बाकावरून चावीवाल्याला भुवयांनी खुणावत होते. चावीवाला बाकावरच्या शाईच्या डागाकडं टक लावून बसला होता. आई रात्रभर त्याच्याशी बोलली नव्हती, सकाळीही नाही.

आई उठली. "मी हे पाणी प्यायले," ती म्हणाली.

बाकं करकरली, अख्खी वस्ती तिच्याकडं वळली.

"महिनाभर तरी प्यायले असेन. मला न सांगता पाजलं, माझ्याच घरात. यानं काल सांगितलं. सभेत सांगून मला गप्प करता आलं असतं, पण घरी सांगितलं. अक्कल उशिरा आली, पण आली."

सलूनवाला तडक उठला. "बघा! आजी, तुम्हाला फसवून पाजलं! हेच मी म्हणतोय, हे लोक सगळ्या वस्तीला फसवतील!"

"खाली बस रे. जन्मलास तेव्हाही असाच, आधी ओरडलास आणि मग श्वास घेतलास." खोली हसली. "फसवलं ते माणसांनी. पाण्यानं मला काही केलं नाही. माणसांवर मी रागावलेय, आणि मला वाटेल तोवर रागावणार. पाण्यावर कशाला रागावू? घेवडा शिजतो त्यात. खोटं बोलले तर जीभ झडेल."

"मग आजी, हो की नाही?" कुणीतरी विचारलं.

"हो. पण चोरून नाही. वस्तीच्या नाक्यावर एक वेगळा नळ. वर ठळक लिहायचं हे पाणी कुठून आलं ते. ज्याला हवं त्यानं भरावं, ज्याला नको त्यानं टँकरच्या रांगेत उभं राहावं, त्याला कुणी हसायचं नाही. आणि नळाशी एक माणूस पाहिजे, विचारणाऱ्याला खरं सांगणारा."

हात वर झाले. सगळे नाही. सलूनवाल्याचा नाही, त्याच्या बायकोचा मात्र झाला, कारण तिलाही घरी घेवडाच शिजवायचा असतो. पाइपलाइन टेकडी चढली.

आता एवढं झाल्यावर चावीवाला सुखी व्हावा की नाही? पण नळाशी खरं सांगायला वस्तीनं निवडलं कुणाला, तर आईला. रोज सकाळी ती नळाजवळ स्टूल टाकून बसते आणि भांडी घेऊन आलेल्यांना अगदी मन लावून सांगते. पाणी आधी मोठ्या हंड्यात उकळतात. मग मलमलीतून तीनदा गाळतात. मग नवजात पोराला धरतात तसं दिव्याखाली धरतात, जंतू घाबरून पळतात.

"आई, उकळत नाहीत!" चावीवाला सायकल थांबवून ओरडतो. "जंतू पळत नाहीत, मरतात! आणि मलमल कुठून काढलीस?"

आई त्याच्याकडं बघतसुद्धा नाही, कारण अबोला अजून सुटलेला नाही. शेजारी कळशी भरणाऱ्या सुनेला ती म्हणते, "याला सांग, मी बोलत असताना मधे तोंड घालू नको म्हणावं."

"त्या म्हणतायत, मधे तोंड घालू नका," बायको सांगते.

"ऐकलं मी! आणि तुझ्याशी तिचा अबोला नाही का? पाणी तर तू ओतलंस!"

"मी काय," बायको म्हणते, "मी रोज घेवडा शिजवते."

तो कपाळावर हात मारतो. मागून रांगेतला एकजण पुढं येतो, भांडं लावतो आणि आदरानं विचारतो, "आजी, मलमल रोज धुतात का हो?"

"दोनदा," आई म्हणते.