उकडीतलं तूप

नातवंडांनो, तुमच्या आईने तुम्हाला ही हकीकत अर्धीच सांगितली आहे, म्हणून पूर्ण लिहिते. माझी बाजू त्यात फारशी चांगली नाही.

माझ्या दिरांची नात कॉलेजसाठी चौलला माझ्याकडे राहते. रेवदंड्याला ती किकबॉक्सिंगच्या क्लासला जाते. दिवाळीनंतर स्पर्धा होती. तिला ज्या गटात खेळायचं होतं, त्यात वजन पन्नास किलोंच्या आत लागतं. तिचं एक्कावन्नच्या वर होतं.

मला तिच्या सरांचा संशय होता. एरवी तीन भाकऱ्या खाणारी मुलगी एका भाकरीवर उठायची. भर उन्हात रेनकोट घालून वाडीत दोरीच्या उड्या मारायची, घाम निघावा म्हणून. विचारलं की एकच उत्तर, सरांनी सांगितलंय. एकदा मी न कळवता रिक्षाने क्लासला गेले. सर मुलांना केळी आणि उकडलेले चणे वाटत होते. मी मनात म्हटलं, मला पाहून वाटतोय.

मग मी माझा उपाय केला. आपल्याकडे तांदळाच्या भाकरीला आधी पिठाची उकड काढतात. त्या उकडीच्या पाण्यात मी रोज दोन चमचे तूप सोडू लागले. भाकरी मऊ व्हायची. ती म्हणायची, आजी, तुझा हात चांगलाच बसलाय. मी पुढची भाकरी थापायला घेई.

वजन हलेना. तिने सकाळचं धावणं दुप्पट केलं. काट्यावर उभी राहिली की खाली बघायची नाही, डोळे मिटून घ्यायची.

स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना सर तिला घेऊन घरी आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि तिच्यादेखत मला म्हणाले, "आजी, खरं सांगा. ही घरी चोरून काय खाते? मी हिला कधीचा सांगतोय, वरच्या गटात खेळ, पोटभर जेव. ही ऐकत न्हाय. वरच्या गटातल्या पोरीने गेल्या खेपेला हिला हरवली ना."

म्हणजे उपास तिचा स्वतःचा होता. सरांचं नाव नुसतं माझ्यासाठी होतं.

ती रडवेली झाली. "मी काहीच खात नाही. आजी, तू सांग ना."

मी आत गेले आणि तुपाची बरणी आणून दोघांच्या मध्ये ठेवली. म्हटलं, उकडीत घालते.

सर हसू दाबत अंगणाकडे बघू लागले. ती हसली नाही. म्हणाली, "मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

ते शब्द अजून टोचतात.

ती वरच्या गटात खेळली. त्याच मुलीशी, आणि हरलीच; पण या वेळी शेवटच्या फेरीपर्यंत उभी राहिली. आता तिन्ही भाकऱ्या खाते. सरांवर माझा पुरता विश्वास बसलाय असं नाही. तिचाही माझ्यावर नाही. उकड ती स्वतः काढते, आणि तोवर मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसवते.